अर्जदारास त्याच्याच घरात परत लावून घेण्याबाबत

प्रति,
मा. श्री. पेनेहुरो,
पुलेनुकु (गावप्रमुख),
वडीलधाऱ्यांच्या सभेचे कार्यालय,
मोतुफाला, तोकेलाऊ.

विषय : सभेने घरातून भलताच मुलगा कमी केल्यामुळे, कमी झालेल्या मुलाची विनंती.

संदर्भ : अर्जदाराचाच मागील अर्ज, जो त्याने केला नसता तर बरे झाले असते.

महोदय,

अर्जदार केलेकोलिओ, वय अठ्ठावन्न, आई लेपेका हिचा मुलगा (गेल्या शनिवारपर्यंत), सविनय कळवितो की :

१. पालांगी (गोरा) पाहुणा रसेल याचे नाव घरात लावल्याने अर्जदाराला काय मिळणार होते, ते आधीच सांगून टाकलेले बरे. गावात ते कोणापासून लपलेले नाही. मासळी किनाऱ्यावर ओतली की घरातली माणसे मोजून इनातीचे, म्हणजे गावच्या समान वाटपाचे, वाटे पडतात. पाहुण्याला वाटा नसतो, तो यजमानाच्यात जेवतो. तोच पाहुणा घरचा झाला की एक वाटा वाढतो. त्यातून रसेलला मासे सोसत नाहीत, अंगावर गांधी उठतात. म्हणजे वाटा त्याच्या नावावर आणि मासा अर्जदाराच्या ताटात. हा हिशेब आजही कोणी तपासावा, त्यात चूक सापडणार नाही.

२. सदर रसेल हा न्यूझीलंडहून आपल्या बेटाचा भूगोल, लोक, कारभार आणि अर्थव्यवस्था असे चार भागांचे पुस्तक लिहिण्यास आलेला आहे. भूगोल एका दुपारी संपला, कारण बेट संपले. टोकाला उभे राहून त्याने विचारले, "बाकीचं कुठंय?" लोक या भागासाठी त्याने घरीच थांबायला हवे होते, आपले निम्म्याहून अधिक लोक त्याच्याच देशात राहतात. अर्थव्यवस्थेबद्दल त्याने आपणांस विचारले, तेव्हा आपण "बोट येते ती" एवढेच म्हणालात. "आणि नाही आली तर?" या प्रश्नावर "मग पुढच्या आठवड्यात अर्थव्यवस्था" असे उत्तर आपण दिल्याचे त्याने लिहून घेतले आहे. अडला तो कारभाराशी. परक्याला सभेत बसता येत नाही.

३. अशा परिस्थितीत अर्जदाराने त्याचे नाव घरात लावण्याची विनंती केली. त्यावर आपण विचारले, "कोण म्हणून लावू रे, केले? मुलगा म्हणून?" रसेलची दाढी पांढरी आहे. तो त्रेसष्ट वर्षांचा आहे. मुलगा शोभत नव्हता, बाप म्हणावे तर आईचा प्रश्न आला असता. अर्जदार घाईत होता, कारण किनाऱ्यावर कुपा मासे येऊन पडले होते. तो म्हणाला, "मोठा भाऊ लिहा की." आपण लिहिलेत. लिहिताना आपण हसलात, ते अर्जदाराने पाहिले होते. पण आपण नेहमीच हसता, म्हणून त्याने मनावर घेतले नाही.

४. अर्जदाराचे वडील गेल्यापासून आमच्या घराण्याची सभेतली जागा रिकामी होती. ती घरातल्या सर्वांत वडील पुरुषाची, हे अर्जदारास लहानपणापासून ठाऊक आहे. किंबहुना त्याने तेवढ्याचीच वाट पाहिली. बायको सुलिया हिने त्या जागेसाठी केवड्याच्या पातीची नवी चटई विणली. बसण्याच्या दिवशी अर्जदार अंघोळ करून, तेल लावून, चटई काखेत धरून सभागृहाच्या पायरीशी आला, आणि आतून पुकारा झाला तो रसेलचा. चटई अर्जदाराच्या हातून घेऊन रसेलखाली अंथरण्यात आली. तो "आभारी आहे, भाऊ" म्हणाला.

५. रसेलने सभेत काही गोंधळ घातला असता तर हा अर्ज लिहावा लागला नसता. तो गोंधळ घालत नाही, हेच गाऱ्हाणे आहे. त्याला आपली भाषा अर्धीच कळते, म्हणून तो सर्वांचे शेवटपर्यंत ऐकून घेतो. कोणी काही मांडले की मान हलवतो. दुपारी इतर वडीलधाऱ्यांबरोबर झोपतो. आपण स्वतः सर्वांदेखत म्हणालात, "इतका पोक्त माणूस या घराण्यातून पहिल्यांदाच आला." अर्जदाराचे वडील त्या जागेवर वीस वर्षे बसले होते, हे आपल्या लक्षात आणून देतो.

६. अर्जदाराची आई नव्वदीची आहे. तिला दिसते थोडे, पण ऐकू सगळे येते. तिचा पहिला मुलगा पाळण्यातच गेला. तो असता तर रसेलच्याच वयाचा असता. मोठा भाऊ लिहा म्हणताना अर्जदारास हे आठवले नाही. आईस आठवले. तिने रसेलची चटई आपल्या चटईशेजारी ओढून घेतली. तो तिचे पाय चेपतो, ती त्याला नारळ किसायला शिकवते आणि "आलास ना शेवटी" असे रोज एकदा म्हणते. त्याला त्याचा अर्थ कळत नाही. तो "हो आई" म्हणतो.

७. नाइलाज होऊन अर्जदाराने संदर्भीय अर्ज केला की, मोठा भाऊ घरातून कमी करावा. गावच्या रीतीप्रमाणे घरातला माणूस कमी करायचा तर त्या घरच्या सर्वांत वडील बाईचा शब्द लागतो. आईस सभेत आणले गेले. तिने अर्ज वाचून दाखवायला लावला आणि म्हणाली, "एक पोरगा कमी करायचा म्हणता? करा की. पण कुठला ते मी सांगणार. एक जण आल्यापासून माझे पाय चेपतोय, दुसरा भावाला घराबाहेर काढा म्हणतोय. काढायची एवढी हौस आहे ना याला? मग यालाच काढा." सभा हसून लोळली. अर्जदारही हसला. मग आपण लेखणी उचललीत, तेव्हा त्याचे हसणे थांबले.

८. शनिवारी इनातीत "लेपेकाचं घर!" अशी हाक आली आणि अर्जदार टोपली घेऊन पुढे झाला. वाटे पुकारणारा हा सुलियाचा सख्खा भाऊ. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही कोणाच्या घरचे?" आणि तोंड फिरवून हसू लागला. टोपली रसेलने उचलली. घरी आल्यावर सुलियाने अर्जदारास पाहुण्याच्या जागी बसवून सर्वांच्या आधी वाढले. तेव्हापासून ती त्याच्याशी भांडलेली नाही. पाहुण्याशी भांडत नाहीत. लग्नाला तेहेतीस वर्षे झाली. असली शांतता अर्जदारास माहीत नाही आणि सोसतही नाही.

९. याहून वाईट सोमवारी झाले. शाळेचे छप्पर शाकारायला घराघरांतून माणसे बोलावली गेली. अर्जदार कोयता परजून दारात उभा राहिला. त्याच्या नावाची हाक आली नाही. सगळे गडी त्याच्यासमोरून गेले, पाठीमागून टोपी सांभाळत रसेलही गेला. दिवसभर छपरावरचे हसणे घरापर्यंत ऐकू येत होते. अर्जदार या बेटावर जन्मला आहे आणि त्या दिवशी त्याला करण्यासारखे काही नव्हते. वाटा गेला, जागा गेली, यावर तो कुरकुर करील. पण ज्याला कामाला कोणी बोलावत नाही तो या गावात कोण, हे त्याला कोणी सांगू शकलेले नाही.

१०. घरांची यादी पुढील बोटीने जाते व नंतर वर्षभर तिच्यात बदल होत नाही. सबब विनंती की :

(अ) बोट सुटण्यापूर्वी अर्जदारास त्याच्या घरात लावून घ्यावे.

(आ) रसेल आहे तेथेच असू द्यावा. तो परदेशी गेल्यास रीतीप्रमाणे त्याची जागा तो मरेपर्यंत रिकामी राहील, आणि तो रोज पोहतो. त्याबद्दल अर्जदाराची आता तक्रार नाही.

(इ) अर्ज रसेलसमोर वाचू नये. तो लगेच हो म्हणेल आणि पुन्हा सर्वांना त्याचेच कौतुक वाटेल.

आपल्याच गावचा, तूर्त कोणत्याच घरचा नसलेला,
नम्र
केलेकोलिओ
मोतुफाला, बोटीआधीचा मंगळवार

सोबत :

१. कुटुंबप्रमुखाची संमती. रसेलने अर्ज न वाचताच सही केली आहे.

२. घरच्या वडील बाईची संमती, तोंडी. आई म्हणाली, "घ्या त्याला. रात्रभर कूस बदलतो, मला झोप लागत नाही. पण धाकटा म्हणून लिहा, आणि त्याच्याकडून वदवून घ्या."

३. त्यानुसार अर्जदार लिहून देतो की, तो धाकटा आहे. या प्रकरणात आईला मुलगा मिळाला, रसेलला आई आणि पुस्तकाचा तिसरा भाग, सभेला पोक्त माणूस, सुलियाला वाढीव वाटा. किंमत एकट्या अर्जदाराने भरली असून ती पूर्ण पोचली आहे. कोणाचे काही देणे उरलेले नाही.