तपासणी कुणाची?

मंगळवार, १८ नोव्हेंबर. रोहा

संताप अजून उतरत नाही. माझ्याकडे कामाला येणारी सुगंधा काल तिच्या खांब गावाहून मेडिकल कॉलेजच्या बसने गेली होती. बसवाल्यांनी गावात सांगितलं, "मोठी तपासणी आहे, चला." तिच्या छातीत गाठ आहे. तिला वाटलं, तपासणी आपलीच.

तपासणी कॉलेजची होती! मान्यता टिकवायची म्हणून रिकाम्या खाटा भरायच्या. हिला गाऊन घालून झोपवलं. उशाशी फाइल: ताप, तीन दिवस.

"मी बोलले, मना ताप नाय, गाठ हाय. तं सिस्टर बोलली, मावशी, आज ताप. गाठीचं नंतर बघू."

आज ताप! जणू जेवणाचा बेत. आणि भिंतीवर म्हणे पाटी, 'गुणवत्तेत सतत सुधारणा'. आमच्या कॉन्व्हेंटात कॉपी केली की छडी मिळायची, इथे मान्यता मिळते.

मी मेट्रन होते तेव्हा तपासणीच्या दिवशी नव्या चादरी घातल्याच ना? संध्याकाळी परत कपाटात. मग कोणत्या तोंडानं बोलते मी? पण चादरीखालचा आजार तरी खरा असायचा.

फाइल लिहिणारी शिकाऊ डॉक्टर खाटेशीच उभी होती. तिनं गाठीला हातसुद्धा लावला नाही. हेच शिकून ती बाहेर पडणार.

सुगंधा भांडी घासता घासता म्हणाली, "कॉलेज पास झालं म्हनं, बाई. मंग माझं कवा?"

तक्रारीचं पत्र परवा लिहीन. उद्या पहिल्या एसटीने तिला घेऊन अलिबागचं सिव्हिल हॉस्पिटल.

उद्या गाठ.