सव्वीस भागांत मी कुठेच नाही

आदरणीय दादास,

धाकट्या भावाचा नमस्कार. आम्ही सर्व इकडे ठीक आहोत (ठीक म्हणजे कुणी दवाखान्यात नाही, एवढ्याच अर्थाने). तुझी सर्दी कशी आहे? परवाच्या मुलाखतीत तू तीनदा शिंकलास आणि चौथी दाबलीस. आई टीव्हीसमोर बसून "वाफ घे रे, वाफ घे" म्हणत होती. घेतलीस का ते कळव, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल.

तू फोनवर म्हणालास, की तू स्वतःच्या लहानपणावर लिहिलेल्या मालिकेचं दुसरं पर्व काढण्याआधी वाहिनीला प्रेक्षकांची खरी मतं हवी आहेत, तर आपल्या गल्लीतले लोक काय बोलतात ते जसंच्या तसं लिहून पाठव, सजवू नकोस. सजवायला मला येतच नाही. मी त्यासाठी वेगळी वही केली आणि दर भागानंतर मतं तारीखवार टिपून ठेवली. आता ती उतरवायला बसलो आहे तर हात जड झाला आहे. का, ते पुढे येईल.

आईचं मत असं, की मालिकेतली आई फार ओरडते. "मी कधी अशी ओरडले?" हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की खालच्या मजल्यावरचे शिंपी काय झालं म्हणून जिना चढून आले. त्यांचंही मत विचारलं. ते आईकडे बघून म्हणाले, "मालिका छान आहे," आणि उतरून गेले. बाबांनी मत बोलून दाखवलेलं नाही. ते वागून दाखवत आहेत, आणि ते जास्त वाईट आहे. मालिकेतले बाबा विनोद करतात, मुलाला जवळ घेतात, म्हणून लोक आपल्या बाबांना रस्त्यात थांबवून हात मिळवतात. ज्यांनी तीस वर्षांत जेवताना 'मीठ' याखेरीज शब्द काढला नाही, त्यांना आता आपण पहिल्यापासून तसेच होतो असं वाटू लागलं आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी ताटावर विनोद केला. आई आणि मी घास हातात धरून बसलो. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घाबरून विचारलं, "कोण गेलं?" ते उठून हात धुवायला गेले, आणि मला दिवसभर काही सुचलं नाही.

गणिताचे मास्तर आता निवृत्त आहेत. ते मत द्यायला थेट दुकानात आले. (दुकान म्हणजे तेच, रबरी शिक्क्यांचं. तू शिकायला बाहेर गेलास त्या वर्षी नववी अर्धी सोडून मी लागलो ते. मालिकेत ते नाही, आणि ते मालिकेत घालण्यासारखं नव्हतंही.) मी एका कचेरीच्या गोल शिक्क्याची उलटी अक्षरं कोरत होतो, श्वास रोखून करायचं काम. मास्तर म्हणाले, "तुझ्या भावाने मला राक्षस करून ठेवलंय. मी कान एवढा पिळायचो?" एवढा म्हणजे केवढा हे दाखवायला त्यांनी माझा कान मालिकेतल्यासारखा पिळला. मग "मी असा पिळायचो" म्हणून तसाही पिळला. दोन्हींत फरक आहे, हे मास्तरांचं म्हणणं खरं आहे आणि वहीत मी तशी नोंद केली आहे. (मूळचा जास्त दुखतो.)

आमचे मालक सायकलच्या भागाला रडले. सायकल उतारावर सुटते, कुत्रा मागचं कॅरिअर दातांत धरून फरफटत जातो, नाल्यात पडतो पण सोडत नाही, तो भाग. डोळे पुसत मला म्हणाले, "काय इमानी जनावर रे! कधी गेलं?" दादा, आपल्याकडे कुत्रा कधीच नव्हता. कॅरिअर मी धरलं होतं. नाल्यात मी पडलो होतो. तुझ्या टायफॉइडच्या भागात कुत्रा पलंगाच्या पायथ्याशी बसून राहतो आणि व्हायोलिन वाजतं, तिथेही मीच बसलो होतो. व्हायोलिन नव्हतं. पण रडणाऱ्या माणसाला हे कसं सांगणार? "बारा वर्षं झाली," एवढंच म्हणालो. त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा दिली.

दोन मुलं दाखवली की प्रेक्षक गोंधळतात आणि कुत्रा लोकांना आवडतो, असं वाहिनीवाले म्हणाल्याचं तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. मी "हरकत नाही" म्हणालो होतो. तेव्हा नव्हतीच. ती गेल्या रविवारी सुरू झाली.

मावशीने माझ्यासाठी एक स्थळ आणलं आहे. मुलगी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोंदी ठेवते. (अक्षर मी पाहिलं. असं अक्षर आपल्या गल्लीत कुणाचं नाही.) तिचे वडील दुकानांतले वजनकाटे तपासणारे इन्स्पेक्टर, रतीभर खोटं खपवून न घेणारे. रविवारी ते, मुलगी आणि मुलीची आजी आपल्याकडे आले. मावशी म्हणाली होती, चौकशीची काळजीच नको, त्यांनी तुझ्या भावाची मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आहे, घर त्यांना तोंडपाठ आहे. घात झाला तो तिथेच.

इन्स्पेक्टरांनी आल्या आल्या माळ्याची शिडी ओळखली, तडकलेली काच ओळखली, बाबांना तर मिठीच मारली. मग कप खाली ठेवून म्हणाले, "बरं, मुलगा कुठाय?" मी त्यांच्या समोरच बसलो होतो. आईने माझ्याकडे बोट केलं. नवा काटा तपासावा तसे ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे मालिकेत नाहीत."

आजी समजूतदार निघाली. म्हणाली, "अरे, नंतर झाला असेल." मावशीने सांगितलं, मोठ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. "मग दत्तक घेतला असेल. त्यात लाजायचं काय एवढं?" आईने ट्रंकेतून आपल्या दोघांचा फोटो काढला, पायरीवर बसलेलो तो. त्यात तू आहेस, आणि तुझ्या मागून एक कान डोकावतो. इन्स्पेक्टरांनी चष्मा लावून आधी फोटोतला कान पाहिला, मग माझा. (माझा मास्तरांमुळे सुजलेला होता, त्यामुळे जुळला नाही.) आणि तेवढ्यात बाबांना विनोद सुचला. "आम्हालाही अधूनमधून शंका येते, हा आहे की नाही!" ते एकटेच हसले. मुलगी तेवढी माझ्याकडे बघत होती, आणि मी शिडीकडे.

दादा, मी विचार केल्याशिवाय बोलत नाही. बारा वर्षांत माझ्या एका शिक्क्यात काना-मात्रा चुकलेली नाही. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "मी दुसऱ्या पर्वात येतो."

"कितव्या भागात?"

"तिसऱ्या."

इन्स्पेक्टरांनी खिशातून डायरी काढून ते टिपलं आणि उठले. जिन्यात मावशीला म्हणाले, "स्थळ उत्तम आहे. तिसरा भाग पाहून कळवतो."

दुसरं पर्व यायला आठ महिने आहेत. मावशी माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते, दादाला फोन कर. पण फोनवर तू "काय रे?" म्हणालास की मी "काही नाही" म्हणतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. या आठवड्यात मी सव्वीसच्या सव्वीस भाग पुन्हा पाहिले. शिडी आहे, काच आहे, शिंप्यांच्या यंत्राचा आवाजसुद्धा आहे. मी कुठे असायला हवा होतो तेही वहीत लिहून काढलं. प्रत्येक प्रसंगात मी होतो, पण काहीतरी धरून उभा होतो. कधी सायकल, कधी शिडी, कधी तुझं दप्तर. अशा माणसाला काढून टाकलं तर गोष्टीचं काही अडत नाही, हे मलाही कळतं. कळतं म्हणूनच झोप लागत नाही.

एकूण मत असं, की मालिका लोकांना फार आवडली आहे. मलाही आवडली. वाहिनीला तसं कळव.

तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. तिसऱ्या भागात मला घाल. मोठं काम नको. कुणीतरी दार वाजवतं आणि मी उघडतो, एवढंही चालेल. नाव नको, 'धाकट्या' अशी हाक पुरे. फक्त इन्स्पेक्टर मोजणारे आहेत, तेव्हा निदान अर्धं मिनिट तरी दिसू दे. प्रेक्षक गोंधळत असतील तर मी बोलणार नाही.

आणखी ता. क. पत्र तीन दिवस खिशातच होतं, टाकायचा धीर झाला नाही. आज दुपारी मुलगी स्वतः दुकानात आली, 'नमुना मिळाला' असा शिक्का करून घ्यायला. मालक काही काम नसताना बाहेर जाऊन उभे राहिले. ती म्हणाली, मालिका तिने चार भागांनंतर सोडली. त्या मुलाचं सगळं सगळ्यांना ठाऊक आहे, त्याने वर्गातल्या मुलीला लिहिलेली चिठ्ठी तिच्या आजीलासुद्धा पाठ आहे. "तुमचं कुणालाच काही ठाऊक नाही, मला बरं वाटलं. निदान ऐकायला काही शिल्लक आहे." मी म्हणालो, फारसं नाही. ती म्हणाली, "ते मी ठरवीन." तिसऱ्या भागाची वाट बघायची गरज नाही, असं ती घरी सांगणार आहे. तिची अट एकच, मी मालिकेत कधीही यायचं नाही. तेव्हा वरची विनंती रद्द समज. (ती खोडली नाही, कारण पान खराब दिसलं असतं.)

शेवटचा ता. क. मालिकेत नकोच. पण तुला सवड झाली तर तो दार उघडण्याचा प्रसंग एका पानावर लिही आणि वाहिनीला न देता इकडे पाठव. दाराबाहेर तू असशील असं कर. मी कुणाला दाखवणार नाही. दार उघडल्यावर तू मला काय म्हणतोस, एवढंच मला वाचायचं आहे.