जित्या पोराच्या नावानं आंघोळ

प्रिय लालासाहेब,

त्या सोमवारी सकाळी मी सिद्धनाथाचा प्रसाद घेऊन म्हसवडहून आष्ट्याला आलो. पृथ्वीराजला पोलिसांनी नशेच्या पुडीसकट धरल्याचं कानावर आलं होतं. वाटलं, तुझ्याजवळ नुसतं बसावं. पाहतो तर तू मळ्यात मोटारीच्या पाइपखाली अंगावरच्या कपड्यांसकट बसलेला. मी घाबरून विचारलं, "आरं, कोण गेलं?" तू म्हणालास, "पृथ्वीराज. त्याच्या नावानं आंघोळ केली. च्या घिऊन जा." गड्या, जित्या पोराच्या नावानं! प्रसाद माझ्या हातातच राहिला. परतीच्या एसटीत कंडक्टर ओरडला, "आवं पाव्हणं, उतरायचं कुठं ते तरी सांगा!" मला गावाचं नावच आठवेना.

आमची मेंढरं तुझ्या रानात खताला बसायची, तेव्हा हे पोर दिवसभर आमच्या पालावर असायचं. माझ्या रंगुबाईची अर्धी भाकरी खाऊन सांगायचं, "मावशी, तुमचं कुत्रं लय भितं मला." आणि कुत्र्यानं कान हलवला की तिच्याच पाठीमागं लपायचं. पुढं तुझ्यासारख्या सुभेदाराचा मुलगा म्हणून फौजेच्या भरतीसाठी रोज पहाटे धावू लागला. दोनदा मागं पडला. पूड घेतली की दम टिकतो, असं कुणीतरी सांगितलं आणि त्यानं ती घेतली. तिसऱ्यांदा मागं पडून तुझ्यापुढं उभं राहायची त्याला हिंमत नव्हती, एवढंच तो मला नंतर म्हणाला.

सांगलीच्या कोर्टाची तारीख मला साळूबाई वहिनींनी फोनवर सांगितली. त्यांच्यावर रागावू नकोस. "भाऊजी, मला जाऊ देत न्हाईत. तुमी तरी जावा," इतकंच बोलल्या. मी मागच्या बाकावर बसलो. नुसतं बघून यायचं ठरवलं होतं. त्याला आणलं तेव्हा मी ओळखलंच नाही. अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा वाटत होता. गुन्हा त्यानं कबूल केला. पूड थोडी, स्वतःपुरती. व्यसन लागल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, तुरुंगाऐवजी उपचाराला सोडलं तर राहशील का? कायद्यात अशी सोय असते, हे मला ठाऊकच नव्हतं. तो हो म्हणाला. पण त्यासाठी जामीनदार लागणार होता. घरचं कोण आलंय, असं बाईंनी विचारलं.

"कुणी न्हाई येणार. घरी माझ्या नावानं आंघोळ झालीया."

बाई आपल्याकडच्या नव्हत्या. त्यांनी वकिलाकडं पाहिलं. त्याचा अर्थ सांगताना वकिलाची मान खाली गेली. मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. लालासाहेब, त्याला ते कळलं होतं रं.

जामीनदार आणायला बाईंनी पुढची तारीख दिली. घरी रंगुबाई म्हणाली, "पळून गेला तर? जलमभर लोकांच्या रानात हिंडलो. आता कुठं आपल्या नावावर तुकडा झालाय." खोटं नव्हतं तिचं. तो उपचार केंद्रातून पळाला तर भरपाई माझ्याकडून घेणार, आणि त्या जमिनीशिवाय माझ्याजवळ आहे काय? मी सिद्धनाथापुढं जाऊन बसलो. कौल मात्र लावला नाही. मी देवाला विचारणार म्हणजे नाही म्हणायला निमित्त शोधणार, इतपत मी स्वतःला ओळखतो. परत आलो तेव्हा रंगुबाईनं सातबारा पिशवीत घालून ठेवला होता.

तुला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहितो आहे. पृथ्वीराज आता मिरजेच्या उपचार केंद्रात आहे. उपचार पुरे करून त्याला पुन्हा त्याच बाईंपुढं उभं राहायचं आहे. नीट राहिला तर तुरुंग टळेल. मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि तुझा शब्द मला मोडता आला नसता. काल कोर्टात कारकुनानं कागद पुढं सरकवून विचारलं, आरोपीशी नातं काय? "त्याच्या बापाचा मैतर," मी म्हणालो, आणि सही केली.

तुझाच,
अर्जुना