भिंगरीच्या तोंडातले जीवाणू

३ जून, सोमवार
भिंगरी चावली! प्रयोगशाळेसाठी लाळेचा नमुना घेत होते. कापसाची काडी तिच्या गालाआड फिरवतानाच माझा अंगठा दातांत सापडला. रक्त भळभळलं. भावजी हसले – "मेहुणीबाई, आता तुझाच नमुना घे!" सात वर्षांची ही माझी भाची स्वमग्न आहे, अजून एक शब्द बोललेली नाही, पण जबडा काय मजबूत!

ताईनं विचारलं, म्हणून सविस्तर समजावलं. तोंड म्हणजे नांदतं गाव – जिभेवर एक वस्ती, हिरडीलगत दुसरी. स्वमग्न मुलांमध्ये ही वस्ती काही अभ्यासांत निराळी आढळते. ते कारण की परिणाम, हे अजून ठरलेलं नाही. मोजकंच खाणं, ब्रश टाळणं, यांनीही फरक पडतो. किती सुंदर कोडं!

"म्हणजे जंतू गेले की बोलेल?"
"अगं, तसं नाही!"
पण ताईचे डोळे चमकले होते.

१० जून
आज घेतलेला नवा नमुनाही बाद. लाळेत रक्त. हिरड्या सुजल्या असाव्यात.

१२ जून
ओठ उचलून पाहिला. वरचा ओठ हिरडीला जोडणारी पातळ पट्टी फाटलेली! ती आपोआप फाटत नाही. काहीतरी टणक जोरानं खुपसावं लागतं. गालांवर बोटांचे निळे ठसे.

भावजींना जिन्यात गाठलं, कॉलर धरली. त्यांनी ढकललं – कपाळ कठड्यावर आपटलं, भुवई फुटली. "दिवसभर घरी असतो का मी? बहिणीला विचार!"
चोराच्या उलट्या बोंबा!

१५ जून
ताईला म्हटलं, पोरीला घेऊन माझ्याकडे राहायला ये. "आत्ता नको गं. गुण येतोय."
कसला गुण?

१७ जून
भिंगरी बोलली.

नमुना घ्यायला समोर बसले, तर तिनं माझा जबडा पकडला. गालांत नखं रुतवली, तिच्या हातातला दातांचा ब्रश घशापर्यंत खुपसला; आणि ताईच्याच आवाजात, ताईच्याच सुरात – "आ कर, कार्टे! नाहीतर दात पाडीन!"

मी रक्त थुंकत होते. ताई आनंदानं रडत होती. "बोलली गं! जंतू गेले की बोलेल, तू म्हणाली होतीस ना!" तिनं तोच ब्रश उचलला. "आता थांबायचं नाही. धर तिचे हात."