चंचीतली गोळी

१४ फेब्रुवारी १९७१, भिंगार

आज पाथर्डीला सखूकडं गेल्तो. माझी धाकटी बहीन. मधुमेहानं जखम चिघळली, पायाचा अंगठा कापला तिचा. गोळ्या घेत न्हवतीस का, असं जरा दरडावूनच इचारलं.

"दिवाळीपास्नं सोडल्या की," म्हनली. "तूच म्हनलास ना दादा, डाक्टरची थोतांडं हायेत, कारल्याचा रस पी, मला बघ कसा ठनठनीत हाय."

माझ्या चंचीत सुपारीखाली मधुमेहाचीच गोळी हुती. तीन वर्सं रोज घेतोय, सुपारी टाकल्यावानी. घरात बी कुनाला ठावं न्हाई. म्हातारा गोळ्यांवर जगतोय म्हनतील, एवढ्यासाठी. तिला तरी सांगायला काय झालं हुतं?

जेवल्यावर तिनं हात पुढं केला. "दादा, सुपारी दे."

"संपली."

"तुझ्या चंचीतली? आक्रीतच हाय." हसली बिचारी.

तवा तरी चंची सोडून दाखवायची. न्हाई झालं. येस्टीत बसलो आन् रोजच्या येळंला हात चंचीत गेलाच. शेजारचा बघंल म्हनून खिडकीकडं तोंड केलं, गोळी गिळली.