पाडव्याचा नारळ आणि इंग्लंडचा कायदा

५ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प: इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासावर आठवड्याला एक ब्लॉग. जालन्यात असा ब्लॉग लिहिणारा वकील मी एकटाच. गेल्या लेखाला तीन वाचक. एक मी, दुसरा मीच मोबाईलवरून. तिसरा विलायतेतला असावा.
दीपमाला म्हणाली, आधी पेंडिंग कामं उरका. बायकोला व्यासंग म्हणजे काय ते कळत नाही.

९ जानेवारी
द्वारकाबाई मावशी परतूर तालुक्यातल्या आष्टीहून थेट जालन्यात, मस्तगडच्या आमच्या घरी आली. आईची सख्खी बहीण. काका गेल्यापासून शेत एकटी बघते. तिच्या मोसंबीच्या बागेची गाडीवाट शेजारच्या राधेश्यामच्या शेतातून जाते. त्याने ती नांगरली आणि वर काट्या टाकल्या. मार्चमध्ये माल निघेल, टेम्पो नेणार कुठून? म्हणाली, हरिओम, मी दुसरा वकील पाहून न्हाई राह्यले. घरचा असताना बाहेरचा कशाला?
मी म्हणालो, निश्चिंत राहा. इंग्लंडात ११८९ सालापासूनची वाट असली की हक्क पक्का. मावशी म्हणाली, एवढी जुनी न्हाई रे, माझ्या सासऱ्यापासूनची हाय.

१८ जानेवारी
परतूर तहसीलला मावशीच्या वाटेचा अर्ज दाखल. आष्टीला जाऊन साक्षीदार गाठायचे होते. पण विलायतेतल्या एका नामांकित ब्लॉगरने नेमका वहिवाटीवरच लेख टाकला. खाली दीर्घ कॉमेंट लिहिली. उत्तराची वाट पाहतोय.
आष्टी काय, कुठे पळून जाते?

२ फेब्रुवारी
आजवरचा सर्वोत्तम ब्लॉग! विषय: 'नेक व्ही, नेक क्लॅम, नेक प्रिकॅरिओ'. म्हणजे वाट जबरदस्तीने, चोरून किंवा परवानगीने वापरलेली नसेल, तरच तिचा हक्क होतो. परवानगीचा मुद्दा समजवायला जिवंत उदाहरण हवं होतं. मावशीने चहा पिताना सांगितलेलं आठवलं. काका दर पाडव्याला राधेश्यामच्या वडिलांच्या दारात नारळ ठेवायचे आणि 'येऊ द्या गाडी' म्हणायचे. ते 'जाऊ द्या' म्हणायचे. मगच नव्या सालाची पहिली गाडी निघायची. मी लिहिलं, असा नारळ म्हणजे परवानगीच. अशा वाटेवर हक्क सांगता येत नाही.
नावं अर्थातच दिली नाहीत. वकिलाने गुप्तता पाळावी. 'आष्टीची माझी मावशी, मोसंबीवाली' एवढंच.
लेख टाकताना मनाला काहीतरी टोचलं. एखादा स्वल्पविराम राहिला असेल.

६ फेब्रुवारी
वाचक एकदम एकोणीस! आणि सगळे जालन्यातले. शहर जागं होतंय.

२१ फेब्रुवारी
मावशीचा फोन. फळ रंगावर आलंय. म्हणाली, आपलं बराबर होऊन राह्यलंय ना? मी म्हणालो, बिलकुल. उद्या नक्की आष्टी.
उद्या वेबिनार आहे. परवा नक्की.

७ मार्च
सुनावणी. समोर राधेश्यामचा वकील, अ‍ॅड. अकिब. अतिशय अदबशीर माणूस. मी ११८९ पासून सुरुवात केली. तहसीलदार साहेब म्हणाले, आष्टीवर या.
मग अकिब उठला. म्हणाला, वकीलसाबचा ब्लॉग मी शुरूपासून वाचतो, ऑफिसमधल्या सगळ्यांना पाठवतो, जालन्यात असं लिहिणारा दुसरा कोणी न्हाई. मला अगदी भरून आलं. त्याने माझ्या लेखाची कलर प्रिंट पुढे ठेवली आणि नारळाचा परिच्छेद मोठ्याने वाचला. राधेश्यामलाच नवल वाटलं. म्हणाला, नारळाचं तर मी इसरूनच गेल्तो.
साहेबांनी मावशीला विचारलं, हे खरं का? नाही म्हणाली असती तर कोणी काय केलं असतं? ती म्हणाली, खरं हाय साहेब. माझ्या भाच्यानं लिवलंय ते. अन् सगळ्यांकडे कौतुकाने पाहिलं.
मला लाज वाटली. संध्याकाळपर्यंत सबब शोधली. सापडली नाही.

१४ मार्च
अर्ज नामंजूर. अपील करता येईल. पण फळ गळायला लागलंय. ऊन यंदा जास्तच आहे. दीपमालाने ताट वाढलं आणि शेजारी पेंडिंग फायलींचा गठ्ठा ठेवला. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.
विलायतेच्या ब्लॉगरचं उत्तर आलं: 'इंटरेस्टिंग.'

१६ मार्च
लेख काढून टाकला. तासाभरात अकिबचा फोन. वकीलसाब, लेख दिसून न्हाई राह्यला, तबियत तर ठीक आहे ना?
तिसरा वाचक तोच होता तर.

३० मार्च, पाडवा
मावशी स्वतःच राधेश्यामकडे गेली होती. तो म्हणाला, माल न्या मावशी, मी काय दुश्मन न्हाई. पण कोर्टात खेचलं तुम्ही. आता नारळ दरसाल वकीलसाहेब आणतील, अन् बोलतील बी तेच.
म्हणून आज आष्टी. शेवटी आलोच. काळा कोट घालून आलो, का ते माहीत नाही. राधेश्यामची सगळी भावकी ओट्यावर बसलेली. दारात नारळ ठेवला, तोंड उघडलं. मागून मावशी हळूच म्हणाली, 'येऊ द्या गाडी' म्हण. म्हटलं. राधेश्याम म्हणाला, जाऊ द्या.
टेम्पो निघाला. निम्माच भरला होता. बाकीचा माल झाडांखाली सडतोय.
मावशीने पिशवीभर मोसंबी निवडून माझ्या हातात दिली. म्हणाली, लेकरा, तुझी फी राह्यली व्हती.
घेतली.