इत्तो लटकायला नाही म्हणाली

३ मार्च, मंगळवार
आम्हाला सुरक्षा शिकवायला कासाब्लांकाहून स्लावी साहेब आलेत! पिवळं जाकीट, गळ्यात शिटी, चेहरा मयताला आल्यासारखा. मी वारझाझातच्या माळावर सिनेमावाल्यांसाठी हेलिकॉप्टर वाकडंतिकडं उडवत म्हातारा झालो, ते काय नशिबावर? साहेबांनी चुन्याचं रिंगण आखलं. आत कोणी यायचं नाही. दुपारी एक धनगर मेंढ्यांसकट रिंगणात बसून पाव खात होता. साहेब शिटी वाजवत राहिले. मेंढ्यांनी माना वर केल्या, एवढंच.

त्यांचा एक नियम आहे. सकाळच्या बैठकीत कोणीही हात वर करून "आज नाही" म्हणावं. उड्डाण रद्द. कारण विचारायचं नाही. छान. मी आजवर हात वर केलेला नाही आणि करणारही नाही.

५ मार्च, गुरुवार
दिग्दर्शक लॅरकिनला धोका हवाय. "धोका दिसला पाहिजे, बासू!" नायिकेच्या जागी स्टंट करणारी इत्तो हेलिकॉप्टरखाली लटकणार, आणि मी तिला जुन्या किल्ल्याच्या दोन बुरुजांमधून न्यायचं. म्हटलं, "साहेब, बुरुजांपासून लांबून नेतो. कॅमेरा दूर ठेवा, म्हणजे पडद्यावर भिंत जवळ दिसते. बाई सुखरूप, तुमचा धोकाही झाला." खऱ्या धोक्यात मजा असते म्हणे. असते, खाली खुर्चीत बसणाऱ्याला.

इत्तो गुणी पोरगी. घोड्यावरून पडावं तर हिनेच. हे काम झालं की पुढच्या सिनेमात घेणार आहेत, घरी दोन लेकी आहेत. मला काका म्हणते. तिचा पट्टा मीच बांधतो, दोन्ही हातांनी ओढून बघतो. शिटीवर कोण विसंबतंय!

७ मार्च, शनिवार
सकाळी डाव्या हाताला मुंग्या. नेमकी याच हातात ती दांडी असते, जिने यंत्र वर-खाली होतं. घरी तुदाने तेल चोळलं. "डॉक्टरला दाखवा." डॉक्टर हात बघणार आणि परवाना काढून घेणार. म्हटलं, थंडीने होतंय.
"कसली थंडी? दारं उघडी टाकून झोपता."
बायकोशी बोलण्यात अर्थ नाही.

९ मार्च, सोमवार
सराव. इत्तोऐवजी वाळूची गोणी लटकवली. लॅरकिनला शेवटी जवळूनच हवं होतं, आणि मीही हो म्हटलं — म्हातारा झाला म्हणतील म्हणून. बुरुजापाशी यंत्र एकदम खाली बसलं. दांडी धरलीये की सुटलीये, हेच मला कळेना. हाताकडे बघावं लागलं! गोणी भिंतीला घासून फाटली, वाळू सांडली. लॅरकिनने टाळ्या वाजवल्या.

स्लावी साहेबांना सांगितलं, वारा. त्यांनी आभाळाकडे बघून "वारा" लिहून घेतलं. गवताची काडी हलत नव्हती. असा माणूस सुरक्षा सांभाळतो!

इत्तो त्या गोणीकडे बघत उभी होती.

१० मार्च
उद्या इत्तो. हात ठीक आहे. बराच ठीक आहे.

११ मार्च, बुधवार
बैठकीआधी तिला पट्टा बांधायला गेलो. बक्कल लागेना. उजवा हात एकटाच झटत होता, डावा नुसता टेकलेला. मी थट्टा केली, "पोरी, जाड झालीस की." ती हसली नाही.

बैठकीत तिने हात वर केला. "आज नाही."

नियमाप्रमाणे कारण कोणी विचारलं नाही. बोलले मात्र सगळे. लॅरकिन: "उंचीची भीती होती तर आधी सांगायचं." स्लावी साहेब: "बायकांचं होतं असं, चालायचंच." सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटते लिहिताना, पण हसलो. आणि आतून फार बरं वाटलं.

तिला कामावरून काढलं. मार्राकेशहून दुसरा लटकणारा येतोय. उडवणार मीच.

१२ मार्च, गुरुवार
तिला बसस्टँडवर गाठलं. "कारण का नाही सांगितलंस? भित्री म्हणताहेत तुला."
"म्हणू देत."
"माझा हात दिसला ना तुला?"
"दिसला. तुमचा हात, काका. तुमचं तुम्ही सांगायचं." बसमध्ये चढताना वळली. "तो मार्राकेशचा येतोय, त्याला पोरं आहेत का हो?"

मला माहीत नव्हतं. दिवसभर तिचाच राग येत राहिला. कालची पोरगी, माझ्यावर दया करते! संध्याकाळी राग उतरला. मग भीती वाटली, ती अजून वाटतेय.

१३ मार्च, शुक्रवार
बैठकीत मी हात वर केला. कारण कोणी विचारलं नाही, मीच सांगितलं, सगळ्यांसमोर: हात बधिर होतो, गोणी वाऱ्याने फाटली नव्हती, इत्तो भित्री नाही. परवाना स्लावी साहेबांच्या हातात ठेवला. ते शिटीशी चाळा करत राहिले. नवा पायलट सोमवारी येतोय. लॅरकिन म्हणाला, "इत्तोला बोलवून घे ना परत." मी तिचा नंबर त्याच्या हातात दिला आणि तो फोन करेपर्यंत समोर उभा राहिलो.